‘ठीक आहे’च्या पुढचा प्रश्न : पाणी, ड्रेनेज आणि कचऱ्याची प्रभाग पाहणी कशी करावी

‘पाणी कसं येतं हो काकू?’ असं दारात उभं राहून विचारलं की बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘येतं की. ठीक आहे.’ त्याच घराच्या मोरीत दोन निळे ड्रम काठोकाठ भरलेले असतात, ओट्याखाली विकतचा वीस लिटरचा जार असतो आणि काकूंच्या मोबाईलवर पहाटे ४:४० चा गजर लावलेला असतो. दारी आलेल्यापाशी गाऱ्हाणं मांडू नये ही आपली रीत, आणि वर्षानुवर्षं जे मिळतं त्याची सवय झालेली असते. त्यामुळे नागरिक समाधानी आहेत का हे खरोखर जाणून घ्यायचं, तर प्रत्येक ‘ठीक आहे’शेजारी एक मोजलेला आकडा हवा. किती मिनिटं, किती बादल्या, किती दिवस, किती पैसे.

अशा पाहणीचा भारतातला जुना नमुना बंगळुरूचा. पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने १९९४ मध्ये तिथल्या सेवांचं ‘रिपोर्ट कार्ड’ नागरिकांकडून भरून घेतलं आणि पुढे १९९९ व २००३ मध्ये तेच पुन्हा केलं. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. एकदाच केलेली पाहणी बातमीपुरती उरते. स्वच्छ सर्वेक्षणातही नागरिकांचा अभिप्राय घेतात, पण तो अख्ख्या शहराचा असतो. तुमच्या गल्लीत घंटागाडी वळत नाही, हे त्यात कुठे दिसणार?

खालची पद्धत साधारण १,२०० घरांच्या प्रभागासाठी आहे. सहा माणसं आणि दहा-बारा दिवस पुरतात.

आधी नकाशा, मग दार

प्रभागाचा हाताने नकाशा काढा. त्यावर पाण्याची टाकी, तिथून निघणारी मुख्य लाईन, व्हॉल्व्हच्या जागा, लाईनचं शेवटचं टोक, ड्रेनेजचे चेंबर आणि घंटागाडीचा रस्ता दाखवा. ही माहिती व्हॉल्व्हमनइतकी कोणालाच नसते. त्याच्याबरोबर एक फेरी मारा, कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो ते लिहून घ्या.

मग नकाशाचे तीन भाग करा: टाकीजवळचा, मधला आणि शेपटीचा. पाण्याचा त्रास उंचीने आणि अंतराने वाढतो. त्यामुळे हीच विभागणी योग्य. उंचावरची घरं शेपटीला नसली तरी त्यांना शेपटीतच धरा.

कोणती घरं घ्यायची

१,२०० पैकी १५० घरं घेतली तर तुमचा टक्का खऱ्या टक्क्यापासून साधारण ८ इकडे-तिकडे असू शकतो. प्रभागाच्या बैठकीसाठी एवढं पुरेसं आहे. ५ टक्क्यांपर्यंत अचूकता हवी असेल तर जवळपास २९० घरं लागतील, म्हणजे काम दुप्पट. आमचा सल्ला १५० चाच, आणि वाचलेला वेळ नळाशी मोजण्यात घाला.

१,२०० ला १५० ने भागलं की ८ येतात. १ ते ८ मधली एक चिठ्ठी काढा. समजा ५ निघाला, तर पाचवं, तेरावं, एकविसावं असं प्रत्येक आठवं घर. इथे एक जागा फसवी आहे. इमारतीत प्रत्येकी आठच फ्लॅट असतील तर दर वेळी नेमका तोच मजला आणि तीच बाजू वाट्याला येते. सगळे तळमजलेच आले तर पाण्याचा दाब उत्तम दिसेल. अशा ठिकाणी प्रत्येक सातवं घर घ्या, १७१ घरं होतील.

शेपटीच्या भागात निदान ३० घरं यायलाच हवीत. कमी पडली तर तिथे जादा घरं घ्या, पण ती जादा घरं प्रभागाच्या एकूण टक्क्यांत मिसळू नका. ती फक्त शेपटीच्या हिशेबात धरायची.

कुलूप दिसलं की शेजारच्या घरात शिरण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्या घरात दोघंही कामाला जातात त्यांनाच सकाळी दहाचं पाणी मिळत नाही आणि नऊची घंटागाडी चुकते. ती घरं गाळली की पाहणी आपोआप गोड होते. सकाळी, संध्याकाळी आणि रविवारी अशा तीन खेपा करा. तरीही कुलूप असेल तर ‘बंद’ लिहा आणि किती घरं बंद होती ते अहवालात सांगा.

दारात कोण बोलतं हेही महत्त्वाचं. पुढे येतो तो बहुधा घरातला पुरुष, आणि पाणी भरणारी बाई आतून ऐकत असते. पहिलाच प्रश्न ठेवा: ‘घरात पाणी कोण भरतं? त्यांच्याशी बोलता येईल का?’ भाडेकरू असेल तर भाडेकरूलाच विचारा, मालकाला नको.

विचारायला जोडीनं जा, जोडीत एक तरी बाई असू द्या. त्याच गल्लीतलं कोणी नको, आणि नगरसेवकाचा कार्यकर्ता किंवा पालिकेचा कर्मचारी तर मुळीच नको. तो शेजारी उभा असला की सगळंच ‘ठीक’ होतं. एक जोडी एका संध्याकाळी दहा-बारा घरं नीट करते. तीन जोड्या, पाच संध्याकाळी, झाली दीडशे.

प्रश्न कसे विचारायचे

‘आपण पाणीपुरवठ्याबाबत अत्यंत समाधानी / समाधानी / असमाधानी आहात का?’ हा सरकारी छापाचा प्रश्न वापरू नका. घरात असं कोणी बोलत नाही, म्हणून उत्तरही मनापासून येत नाही. चार पायऱ्या बोलीत ठेवा:

काहीच तक्रार नाही.
तक्रार आहे, पण चालवून घेतो.
रोजचा त्रास आहे.
आता सहन होत नाही.

मधली पायरी मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती ठेवली की सगळे तिथेच जाऊन बसतात. दुसरी पायरी नीट पाहा. पाहणीतली सगळ्यात बोलकी उत्तरं तिथे सापडतात, कारण ‘चालवून घेतो’ म्हणजे घरानं स्वतःच्या वेळेनं आणि पैशानं ती उणीव भरून काढलेली असते. म्हणून त्याला जोडून लगेच विचारा: गेल्या महिन्यात जार किती घेतले? टँकरची वर्गणी दिली का? पाण्यासाठी कोणाचा कामाचा खाडा झाला का? पहाटे किती वाजता उठावं लागतं?

आधी घटना विचारा, मग समाधान. आणि घटना ‘काल’, ‘गेल्या सात दिवसांत’, ‘गेल्या महिन्यात’ अशा बांधून विचारा. ‘साधारणपणे’ हा शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका. घंटागाडी ‘रोज येते’ म्हणणारं घर वार मोजायला लागलं की रविवार, सोमवार आणि कुठल्याशा सुट्टीचा दिवस गळतो.

एकूण प्रश्न २२ ते २५, वेळ १२ मिनिटं. त्याहून लांबलं की भाजी करपते आणि उत्तरं तुटक होतात. कोबो टूलबॉक्स या पाहणीसाठीच्या ॲपवर मराठी अर्ज फुकट बनतो आणि इंटरनेट नसतानाही भरता येतो. कागदावर केलं तरी बिघडत नाही. अर्जावर नाव आणि मोबाईल नंबर लिहू नका. ‘ब-१४’ असा घराचा संकेत पुरे. बेकायदा नळजोडणी किंवा लाईनवर लावलेली मोटर यांबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात ते नाव लिहिलं जात नाही म्हणूनच. खऱ्या कामाआधी यादीत नसलेल्या गल्लीतल्या दहा घरांत अर्ज घासून पाहा.

पाणी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

दर पाच घरांतल्या एका घरात पाणी सुटण्याच्या वेळी जाऊन स्वतः मोजा. साहित्य: २० लिटरची बादली, मोबाईलवरचं घड्याळ, क्लोरिन तपासायचा संच. बादली खरंच वीस लिटरची आहे का ते आधी लिटरच्या बाटलीनं भरून बघा; बाजारातल्या बादलीवरचा आकडा आणि आतलं पाणी यांचा मेळ नेहमी बसत नाही. हंड्याचंही तसंच.

समजा बादली १०० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी ४५ मिनिटं राहिलं तर ५४० लिटर. घरात चार माणसं असतील तर माणशी १३५ लिटर. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवा पातळीच्या मापदंडांत रोजचा हाच आकडा आहे, आणि पुरवठा २४ तास असावा असंही त्यात आहे. बादलीचं माप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत धार करंगळीएवढी होते आणि एकाच मापावर केलेला हिशेब फुगतो.

सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत, जिथे पाणी काही दिवसांआड येत आलं आहे, तिथे वेगळा हिशेब लागतो. समजा दर चार दिवसांनी एकदा ९० मिनिटं पाणी येतं, धार तीच मिनिटाला १२ लिटरची, म्हणजे १,०८० लिटर. पण घरातले ड्रम, टाकी, हंडे मिळून साठवण ७०० लिटरचीच असेल तर बाकीचं पाणी तुमचं नाही. ७०० भागिले चार माणसं, भागिले चार दिवस: माणशी जेमतेम ४४ लिटर. म्हणून अशा गावात मिनिटांपेक्षा साठवण विचारा. आणि त्याहून आधी विचारा की ठरलेला दिवस पाळला जातो का. पाणी कमी आलं तरी लोक निभावतात. कोणत्या दिवशी येणार हेच माहीत नसेल तर घरातल्या एका माणसाला नळाशी बांधून ठेवल्यासारखं होतं. साठवणीची दुसरी बाजू डेंग्यूची. डास अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांत पुरा करतो, म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम कोरडा करून घासता येतो का, हाही प्रश्न अर्जात हवा. पाणीच आठ दिवसांनी येत असेल तर कोरडा दिवस कोण पाळणार?

सोसायट्यांमध्ये हमखास होणारी चूक: फ्लॅटमध्ये विचारलं की ‘पाणी चोवीस तास आहे’ असं उत्तर मिळतं. ते गच्चीवरच्या टाकीचं पाणी असतं. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत किती वेळ पडतं, बोअरचं किती, टँकर आठवड्याला किती, हे पंप चालवणाऱ्याला किंवा वॉचमनला विचारा आणि सोसायटीचा वेगळा अर्ज भरा.

आता शुद्धता. क्लोरिनची ओटी चाचणी सोपी आहे. थेट नळाचं पाणी घ्या, टाकीतलं नको. नळीत खुणेपर्यंत पाणी भरा, संचावर दिलेत तेवढे ऑर्थोटोलिडीनचे (ओटी) थेंब टाका, हलवा आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग पट्टीशी जुळवा. जास्त थांबलात तर बांधलेलं (पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडलं गेलेलं) क्लोरिनही रंग देतं आणि आकडा खोटा वाढतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळं क्लोरिन हवं. ओटीचं रसायन अपायकारक आहे. हातमोजे घाला, मुलांच्या हाती देऊ नका, तपासलेलं पाणी भांड्यात ओतू नका.

एकाच दिवशी तिन्ही भागांत तपासा. टाकीजवळ ०.५ आणि शेपटीला शून्य आलं, तर मधे कुठेतरी घाण आत येऊन क्लोरिन खाते आहे किंवा पाणी फार वेळ लाईनमध्ये पडून राहतं. पाणी बंद असताना लाईन रिकामी होते, आणि नळजोडणीचा पाईप गटारातून गेला असेल तर सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कोणी लाईनवर थेट मोटर लावली की हे ओढणं आणखी वाढतं, वर शेपटीच्या घरांचं पाणीही पळतं. म्हणून सुटलेल्या पाण्याची पहिली पाच मिनिटं आणि नंतरचं पाणी असे दोन नमुने घ्या. पहिल्याचा वास आणि रंग काय, तो घरात कोणत्या कामाला वापरतात, हे लिहा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. शेपटीच्या नळाचे क्लोरिनचे जुने आकडे लोकांच्या हातात असतील तर अशा वेळी बोलणं कितीतरी ठाम होतं.

एच-टू-एस बाटलीतलं (जंतूंच्या प्राथमिक तपासणीची, आत रसायन असलेली बाटली) पाणी २४ ते ४८ तासांत काळं झालं तर दूषित असण्याची दाट शक्यता. ते पाणी लगेच प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. काळं झालं नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. टीडीएस मीटर मात्र या कामात बाजूला ठेवा. तो क्षार सांगतो, जंतू नाही. ९० टीडीएसचं पाणी मैलामिश्रित असू शकतं.

ड्रेनेज

इथे घराच्या उत्तरांपेक्षा रस्ता जास्त सांगतो. प्रत्येक गल्लीतले चेंबर मोजा आणि किती वाहत आहेत, किती झाकणाविना आहेत, किती डांबराखाली गाडले गेले आहेत ते नोंदवा. गाडलेला चेंबर म्हणजे पुढच्या पावसातला तुंबारा. झाकण उघडून आत वाकून बघू नका, आतला वायू जीवघेणा असतो. चेंबरभोवती सुकलेली काळी रेघ दिसली की तो नेहमी वाहतो असं समजा, आज कोरडा असला तरी.

घरात तीन गोष्टी विचारा. संडासाचं पाणी कुठे जातं: ड्रेनेज लाईन, सेप्टिक टँक की थेट गटार? अनेकांना हे माहीत नसतं. तेव्हा ‘माहीत नाही’ हे उत्तर म्हणूनच नोंदवा, अंदाज भरू नका. सेप्टिक टँक असेल तर शेवटचा उपसा कधी झाला? दर दोन-तीन वर्षांनी तो व्हायला हवा. दहा वर्षांत उपसलाच नाही असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर टँकमधला मैला पाण्याबरोबर बाहेर जातो आहे असं धरा. तिसरं: उपशाच्या वेळी माणूस आत उतरला का? हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. ‘हो’ आलं तर ती नोंद टक्केवारीत घालून थांबू नका. घर न सांगता, गल्ली आणि महिना देऊन वेगळ्या पत्राने कळवा.

कचरा

गेल्या सात दिवसांत गाडी कोणत्या वारी आली, किती वाजता, किती मिनिटं थांबली. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देता का. आणि त्याच्यापुढचा प्रश्न: गाडीत तो वेगळा राहतो का? घरात दोन डबे ठेवायचे आणि डोळ्यांसमोर एकाच हौदात ओतलेले पाहायचे, यानंतर कोणीही वर्गीकरण सोडून देतं. म्हणून दोन सकाळी गाडीमागून चालत जाऊन स्वतः पाहा. पुण्यासारख्या ठिकाणी स्वच्छ सहकारी संस्थेचे कचरावेचक दारातून कचरा नेतात आणि शुल्क घराकडून थेट घेतात; तिथे गाडीऐवजी त्या ताई किती दिवस येतात ते विचारा, आणि सुका कचरा वेगळा मिळतो का हे ताईंनाही विचारा. सेवा देणाऱ्याचं म्हणणं नसेल तर पाहणी अर्धीच.

आकडे मांडताना

सरासरी काढू नका. टाकीजवळ ९० मिनिटं आणि शेपटीला शून्य, सरासरी ४५. कागदावर सगळं छान. त्याऐवजी भागवार सांगा: माणशी १३५ लिटरपेक्षा कमी मिळणारी घरं टाकीजवळ इतकी, शेपटीला इतकी. त्यालाच लागून समाधानाच्या चार पायऱ्या. जिथे पाणी कमी आणि तरीही ‘चालवून घेतो’ जास्त, तो रकाना रंगवा. बैठकीत तिथूनच बोलायला सुरुवात करा.

तक्रारींचं वेगळं कोष्टक करा: तक्रार केली का, क्रमांक मिळाला का, किती दिवसांत काम झालं, आणि काम न होता तक्रार बंद दाखवली गेली का. २००८ च्या मापदंडांप्रमाणे ८० टक्के तक्रारी वेळेत सुटायला हव्यात. पालिकेचा आकडा ‘बंद केलेल्या’ तक्रारींचा असतो, तुमचा ‘काम झालेल्या’ तक्रारींचा. दोन्ही शेजारी ठेवा.

व्हॉल्व्ह उघड-बंदीची नोंदवही आणि क्लोरिनची नोंदवही माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाणी आणि कचरा यांचे अर्ज वेगळे करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘पाणी का येत नाही’ असं विचारू नका, ते उत्तर ‘माहिती’त बसत नाही. ‘१ ते ३१ मे या काळातल्या अमुक व्हॉल्व्हच्या नोंदवहीच्या प्रती’ असं मागा.

बैठकीला पाण्याचे कनिष्ठ अभियंता, ड्रेनेजचे अभियंता आणि आरोग्य निरीक्षक तिघंही एकाच खोलीत हवेत. वेगवेगळे भेटले की फुटलेला पाईप एका खात्याचा आणि शेजारचं गटार दुसऱ्याचं होऊन बसतं. दहा पानी अहवाल कोणी वाचत नाही. एक पान, एक नकाशा, तीन मागण्या. ‘पाणीपुरवठा सुधारावा’ ही मागणी नव्हे. ‘शाळेमागच्या गल्लीतल्या ११ नळजोडण्या गटाराबाहेर काढाव्यात’ ही मागणी. प्रत्येकीपुढे तारीख तिथेच लिहून घ्या.

पाहणी वर्षातून दोनदा करा, मे आणि ऑगस्टमध्ये. मे पाण्याची टंचाई दाखवतो, ऑगस्ट गढूळ पाणी आणि तुंबलेली ड्रेनेज. तीच घरं, तेच प्रश्न, तोच क्रम. एक शब्द बदलला तरी दोन्ही वेळचे आकडे जुळवता येत नाहीत. आणि दुसऱ्या खेपेला जाण्याआधी पहिल्या खेपेचं ते एक पान पिठाच्या गिरणीत, रेशन दुकानात आणि सोसायटीच्या फलकावर लावा, कनिष्ठ अभियंत्यांनी दिलेल्या तारखांसकट. ते पान वाचलेल्या काकू पुढच्या वेळी दारातूनच मिनिटं सांगायला लागतात.